वाचकांचे प्रश्न : टीव्हीच्या कॅलिब्रेशनचा अहवाल कसा वाचावा?

घरी तंत्रज्ञ बोलावून टीव्हीचे रंग मीटरने जुळवून घेतलेल्या काही वाचकांनी आपापले अहवाल आमच्याकडे पाठवले असून, त्यांतले आकडे आणि आलेख कसे समजून घ्यावेत, असे विचारले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ५५ इंची एलसीडी टीव्हीचे नुकतेच कॅलिब्रेशन करून घेतले. अहवालात करड्या छटांचा सरासरी डेल्टा ई ‘आधी’ ९.४ आणि ‘नंतर’ १.१ असा दाखवला आहे. टीव्ही आधी ‘स्टँडर्ड’ मोडवर होता, आता तो ‘सिनेमा’ मोडवर आहे. डेल्टा ई म्हणजे नेमके काय आणि एवढी मोठी सुधारणा खरी मानावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पडद्यावर जो रंग दिसायला हवा होता आणि मीटरने प्रत्यक्षात जो मोजला, त्या दोहोंतला फरक माणसाच्या डोळ्याला किती जाणवेल, हे एका आकड्यात सांगण्याचा प्रयत्न म्हणजे डेल्टा ई. शून्य म्हणजे तंतोतंत. एकच्या आतला फरक दोन छटा शेजारीशेजारी ठेवल्या तरी बहुतेकांना ओळखता येत नाही. तीनच्या आसपासचा फरक स्थिर चित्रात आणि तुलनेला दुसरा पडदा असेल तर कळतो, चालत्या चित्रात सहसा कळत नाही. त्यापुढे मात्र गोऱ्या चेहऱ्यावर हिरवट झाक किंवा पांढऱ्या शर्टावर निळसर छटा अशा स्वरूपात तो दिसू लागतो.

‘दिसायला हवा होता’ हे कोणाच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. एचडी कार्यक्रमांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे बीटी.७०९ हे प्रमाण आहे. त्यात लाल, हिरवा आणि निळा हे मूळ रंग नेमके कोणते, हे निर्देशांक देऊन निश्चित केलेले आहे, आणि पांढरा म्हणजे डी६५, ज्याचे निर्देशांक एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९० असे आहेत. छायाप्रकाशाचा चढ कसा असावा, हे २०११ सालच्या बीटी.१८८६ या प्रमाणाने सांगितले आहे. चित्रपट किंवा मालिकेला शेवटचा रंग देणारा कलरिस्ट याच प्रमाणांवर बसवलेल्या मॉनिटरसमोर बसून निर्णय घेतो. त्याने जे पाहिले ते आपल्या घरी शक्य तितके जवळून दिसावे, एवढाच कॅलिब्रेशनचा हेतू असतो, आणि अहवालातला प्रत्येक आकडा त्या मॉनिटरपासूनचे अंतर सांगत असतो.

आता ९.४ आणि १.१ या आकड्यांकडे वळू. आपल्याच पत्रातली एक माहिती येथे निर्णायक आहे : आधीचे मोजमाप ‘स्टँडर्ड’ मोडमधले आहे आणि नंतरचे ‘सिनेमा’ मोडमधले. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘व्हिविड’ हे मोड दुकानातल्या उजेडात चित्र उठून दिसावे म्हणून बांधलेले असतात, तर ‘सिनेमा’ किंवा २०१९ मध्ये जाहीर होऊन पुढे अनेक कंपन्यांच्या संचांत आलेला ‘फिल्ममेकर’ मोड कारखान्यातूनच प्रमाणाच्या बराच जवळ असतो. म्हणजे आपल्या सुधारणेचे दोन भाग पडतात. एक भाग मोड बदलल्यामुळे झाला, जो रिमोट हातात घेऊन कोणालाही फुकट करता आला असता, आणि दुसरा भाग मीटर लावून केलेल्या कामाचा आहे. यात तंत्रज्ञांनी काही खोटे केले असे मुळीच नाही, कारण आपण टीव्ही ज्या अवस्थेत पाहत होता तीच त्यांनी मोजली. परंतु त्यांच्या कामाचे मोल करायचे असेल, तर ‘सिनेमा’ मोडचे काहीही न बदलता घेतलेले मोजमाप मागावे. मोजमापांच्या फाइलमध्ये ते बहुधा असतेच, कारण जुळवणीला हात घालण्यापूर्वी ते घ्यावे लागते. तिथला आकडा तीन-चार असेल आणि तो १.१ वर आला असेल, तरी ते चांगलेच काम म्हणावे लागेल. मात्र त्याची भव्यता छापील तक्त्यातल्याएवढी राहणार नाही.

सरासरीवरही विसंबू नये. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, म्हणजे शून्य ते शंभर टक्के संकेताच्या, अकरा करड्या पायऱ्यांपैकी दहा पायऱ्यांवर चूक ०.७ आणि उरलेल्या एकीवर ५ असेल, तरी सरासरी १.१ च येते. म्हणून अहवालात ‘कमाल’ असा जो रकाना असतो तो आधी पाहावा आणि ती कमाल चूक कोणत्या पायरीवर आहे, हे शोधावे. दहा टक्क्यांच्या गडद पायरीवर असेल तर फारशी चिंता नको, कारण पांढऱ्याची पातळी १०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) धरली तर तिथे पडद्यावर अर्धा निटही प्रकाश नसतो आणि पाच टक्क्यांवर तर तो ०.०७५ निटच्या घरात येतो. इतक्या अंधारात साध्या मीटरचे आकडे मोजणीगणिक थोडे हलतात. तीच चूक पन्नास, साठ किंवा सत्तर टक्क्यांवर असेल तर मात्र तंत्रज्ञांना जरूर विचारावे, कारण चेहरे, आकाश, भिंती असा चित्राचा बराचसा ऐवज या मधल्या पायऱ्यांवर असतो.

आणखी दोन गोष्टी अहवालाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडतात. पहिली म्हणजे डेल्टा ईचे सूत्र. १९७६, १९९४ आणि २००० अशी त्याची तीन प्रचलित रूपे आहेत, आणि एकच चूक वेगवेगळ्या सूत्रांत वेगवेगळा आकडा देते. विशेषतः भडक रंगांसाठी १९७६ चे सूत्र आकडा फुगवते. मित्राच्या अहवालाशी तुलना करायची तर दोन्हीकडे सूत्र एकच आहे ना, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. करड्या छटांचा डेल्टा ई काढताना उजेडातली चूक जमेस धरायची की केवळ रंगछटेची, हे सॉफ्टवेअरमध्ये निवडता येते. उजेड वगळला असेल, तर गॅमा, म्हणजे छायाप्रकाशाचा चढ, कितीही बिघडलेला असला तरी डेल्टा ई देखणाच दिसणार. आपला १.१ कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारायला संकोच करू नये.

राहता राहिला मीटर. ज्या तराजूवर माल तोलून दिला त्याच तराजूवर तो पुन्हा ठेवून वजन बरोबर असल्याचे दाखवावे, तसे ‘नंतर’च्या आकड्यांचे असते. संच मीटरच्या सांगण्याप्रमाणे वागला, एवढे ते निःसंशय सिद्ध करतात. मीटर स्वतः किती खरा होता, हे त्यांतून कळत नाही. त्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात सविस्तर येईल.

प्रश्न : कॅलिब्रेशननंतर आमच्या टीव्हीवरचा पांढरा रंग सरळसरळ पिवळट दिसतो आणि उजेडही कमी झाला आहे. अहवालात ‘६५१२ के’ असा आकडा असून तो उत्तम आहे, असे तंत्रज्ञ सांगतात. घरातली मंडळी म्हणतात, पैसे देऊन टीव्ही बिघडवून घेतला. नेमके काय समजावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या संचावरचा पांढरा आता पिवळट नाही, पूर्वीचा निळा होता. दुकानातून येणारे संच साधारणपणे नऊ हजार केल्विन किंवा त्याहूनही वरच्या, म्हणजे निळसर पांढऱ्यावर बसवलेले असतात, कारण झगझगीत दिव्यांखाली तो पांढरा अधिक स्वच्छ भासतो. जपानमध्ये तर जुन्या काचेच्या टीव्हींच्या काळापासून ९३०० केल्विनचा पांढरा रूढ होता. डोळा ज्या पांढऱ्याला सरावतो त्यालाच पांढरे म्हणतो, आणि काही वर्षे निळसर पांढरा पाहिल्यावर डी६५ पिवळा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

याची पडताळणी घरीच करता येईल. आपल्याकडे बहुतेक घरांत ज्या ‘कूल डेलाइट’ एलईडी पट्ट्या असतात, त्यांच्या खोक्यावर ६५०० के असे छापलेले असते. अशी पट्टी लावलेल्या खोलीत पडद्यावर पांढरी चौकट दाखवावी आणि शेजारी कोरा कागद धरावा. दोहोंची जात सारखी दिसायला हवी. स्वस्तातली पट्टी थोडीफार इकडेतिकडे असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरा उपाय म्हणजे नव्या मोडवर एक चित्रपट सलग पाहावा आणि मध्येच जुन्या मोडवर जावे. तेव्हा जुने चित्र किती निळे होते, हे घरच्या मंडळींनाही दिसेल. काही दिवस नवा मोड तसाच ठेवून मग मत बनवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

मात्र ‘६५१२ के’ हा आकडा एकटा पुरेसा नाही, आणि येथे आम्ही तंत्रज्ञांच्या म्हणण्याला थोडी पुरवणी जोडू. केल्विन हे माप निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा सरकाव सांगते. हिरव्यापासून गुलाबीपर्यंतचा सरकाव त्यात येत नाही. दोन पडदे बरोबर ६५०० केल्विनवर असूनही एक हिरवट आणि दुसरा गुलाबी असू शकतो. म्हणून अहवालात ‘आरजीबी बॅलन्स’ नावाचा जो आलेख असतो त्यावर भरवसा ठेवावा. त्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन रेषा शंभराच्या आसपास फिरतात. ‘आधी’च्या आलेखात निळी रेषा वर आणि लाल खाली असा फाटलेला जबडा दिसेल, ‘नंतर’च्या आलेखात तिन्ही रेषा एकमेकींना चिकटून, शंभराच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे, आडव्या चाललेल्या दिसायला हव्यात. तीनही रेषांपैकी हिरवीवर विशेष लक्ष ठेवावे. बीटी.७०९ च्या पांढऱ्यात सुमारे ७१ टक्के उजेड हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि अवघा ७ टक्के निळ्याचा असतो. त्यामुळे हिरव्यातली चूक रंगछटेबरोबर उजेडही हलवते, आणि चेहऱ्यांवरची हिरवट झाक डोळ्याला सर्वांत आधी खुपते.

उजेड कमी झाला तो बहुधा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, मुद्दाम खाली आणल्यामुळे. स्टुडिओतला कलरिस्ट जवळजवळ अंधाऱ्या खोलीत १०० निटच्या पांढऱ्यावर काम करतो. घरी रात्री १२० ते १५० निट सुखावह वाटतात, दिवसा खिडक्या उघड्या असताना तेवढे पुरत नाहीत. चांगले तंत्रज्ञ रात्रीसाठी आणि दिवसासाठी दोन वेगळे मोड बसवून देतात. आपल्याला एकच मिळाला असेल, तर दिवसाच्या मोडची मागणी करावी, किंवा तोवर केवळ बॅकलाइट हवा तेवढा वाढवावा. एलसीडी संचावर त्याने जुळवलेल्या रंगांना फारसा धक्का लागत नाही. ‘ब्राइटनेस’ नावाच्या नियंत्रणाला मात्र हात लावू नये, कारण बऱ्याच संचांवर ते उजेडाचे नसून काळ्या पातळीचे नियंत्रण असते.

प्रश्न : आम्ही २.४ गॅमा मागितला होता. अहवालातल्या आलेखात रेषा उजवीकडे २.३ च्या जवळ आहे आणि डावीकडे घसरत २.१ पर्यंत खाली येते. तंत्रज्ञ म्हणतात की हे बीटी.१८८६ प्रमाणे बरोबर आहे. ही सारवासारव तर नाही ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सारवासारव नाही. आपला संच एलसीडी असेल, तर तंत्रज्ञांचे म्हणणे अगदी योग्य आहे.

गॅमा म्हणजे विद्युत्संकेत वाढत जातो तसा पडद्यावरचा उजेड कोणत्या चढाने वाढतो, त्याचे माप. पांढरा १०० निट असताना निम्म्या संकेताला, म्हणजे पन्नास टक्क्यांना, २.४ गॅमावर सुमारे १९ निट मिळतात आणि २.२ वर सुमारे २२. आकडा जितका मोठा तितके मधले भाग गडद आणि चित्र भरीव; आकडा जितका लहान तितके चित्र उजळ, पण थोडे धुवट. अंधाऱ्या खोलीत २.४ आणि उजेडाच्या खोलीत २.२, असा सर्वसाधारण संकेत आहे.

अडचण येते ती काळ्या रंगाची. एलसीडी पडदा पूर्ण काळा होऊ शकत नाही, मागचा दिवा थोडा झिरपतोच. अशा पडद्यावर २.४ चा चढ जसाच्या तसा लावला, तर अंधारातले तपशील त्या झिरपणाऱ्या प्रकाशात बुडून जातात. बीटी.१८८६ चे सूत्र संचाची खरी काळी पातळी लक्षात घेते आणि गडद पायऱ्या तेवढ्या प्रमाणात उचलते. समजा, पांढरा १२० निट आणि काळा ०.०६ निट आहे, म्हणजे कॉन्ट्रास्ट २०००:१ आहे. अशा संचावर दहा टक्क्यांच्या पायरीला निव्वळ २.४ प्रमाणे ०.४८ निट मिळाले असते, बीटी.१८८६ प्रमाणे सुमारे १.०३ निट मिळतात. त्याचा गॅमा काढला तर दहा टक्क्यांवर २.०७, पन्नासवर २.२६ आणि नव्वदवर २.२९ असा येतो. आपल्या आलेखातली रेषा हुबेहूब अशीच आहे. म्हणून या आलेखात रेषा सपाट आहे की नाही, हे पाहायचे नसते. सॉफ्टवेअरने काढलेल्या लक्ष्यरेषेला ती धरून आहे की नाही, हे पाहायचे असते. लक्ष्यरेषा बहुधा फिकट किंवा तुटक काढलेली असते.

ओएलईडी संचाचा काळा व्यवहारतः शून्य असल्यामुळे तिथे हेच सूत्र सरळ २.४ ची सपाट रेषा देते. तुमचा संच ओएलईडी असेल आणि तरीही रेषा अशी घसरत असेल, तर तंत्रज्ञांना पुन्हा बोलवावे.

प्रश्न : दिवाणखान्यात ओएलईडी आणि निजायच्या खोलीत एलसीडी आहे. दोन्ही एकाच तंत्रज्ञांकडून, एकाच दिवशी जुळवून घेतले. दोन्ही अहवालांत पांढऱ्याचे निर्देशांक ०.३१३ आणि ०.३२९ असेच आहेत. तरीही दोन संच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा एक किंचित हिरवट-पिवळा वाटला. कोणता अहवाल चुकीचा?
— एक वाचक, बंगळूरु

उत्तर : कदाचित कोणताच नाही, आणि म्हणूनच आपल्या प्रश्नाचे आम्हांला विशेष कौतुक वाटले.

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण मीटरचे. घरोघरी वापरला जाणारा मीटर बहुधा कलरिमीटर असतो, म्हणजे त्यात तीन रंगांच्या गाळण्यांतून प्रकाश मोजला जातो. या गाळण्या माणसाच्या डोळ्याची हुबेहूब नक्कल नसतात. पडद्याचा प्रकाश ज्या जातीचा असेल, मग ती साधी पांढरी एलईडी असो, क्वांटम डॉट असो वा ओएलईडी, त्या जातीनुसार मीटरची चूकही बदलते. म्हणून दक्ष तंत्रज्ञ आधी स्पेक्ट्रोरेडिओमीटर नावाच्या दुसऱ्या यंत्राने, ज्यात प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण होते, त्याच पडद्यावर मोजणी करतात, आणि त्या आधारे कलरिमीटरला दुरुस्ती देऊन मगच त्याच्यावर काम करतात. कारण कलरिमीटर जलद असतो आणि अंधाऱ्या पायऱ्याही चांगल्या मोजतो. अहवालात ‘मीटर प्रोफाइल’ किंवा ‘करेक्शन’ असा उल्लेख शोधावा. दोन्ही संचांसाठी एकच दुरुस्ती वापरली असेल किंवा मुळीच वापरली नसेल, तर आपले उत्तर तिथेच सापडले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एक्स आणि वाय हे निर्देशांक ज्या मोजपद्धतीतून येतात ती १९३१ सालची आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांतल्या अवघ्या सतरा निरीक्षकांच्या डोळ्यांवरून जो ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला गेला, त्याच्याच नजरेने आजही प्रत्येक मीटर पाहतो. निळ्या-जांभळ्या टोकाला त्या निरीक्षकाची संवेदना कमी धरली गेली, हे पुढे लक्षात आले आणि १९५१ मध्ये जड या संशोधकांनी त्यावर दुरुस्ती सुचवली. काचेच्या जुन्या पडद्यांचा प्रकाश रुंद पट्ट्यांचा असल्याने ही उणीव फारशी जाणवत नव्हती. आजच्या पडद्यांचे मूळ रंग अरुंद आणि टोकदार असल्याने ती उघडी पडली. परिणामी मीटरला दोन पांढरे एकच दिसतात, पण आपल्या डोळ्याला ते वेगळे दिसतात. आणि आपल्याला जेवढे वेगळे दिसतात तेवढेच आपल्या घरातल्या दुसऱ्या माणसाला दिसतील, असेही नाही. हा केवळ घरगुती त्रास नाही. सोनीने आपल्या स्टुडिओसाठीच्या ओएलईडी मॉनिटरांकरिता याच कारणाने डी६५ पासून थोडा सरकवलेला पांढरा सुचवला होता, जेणेकरून ते जुन्या काचेच्या मॉनिटरांशी डोळ्याला जुळावेत.

यावरचा उपाय असा की, एक संच संदर्भ म्हणून धरून दुसऱ्याचा पांढरा डोळ्याने जुळवावा, मग त्या जुळलेल्या पांढऱ्याचे निर्देशांक मोजून तेच दुसऱ्या संचाचे लक्ष्य ठेवावे आणि बाकीच्या सर्व पायऱ्या त्यावर बसवाव्यात. अशा संचाचा अहवाल डी६५ च्या पट्टीने मोजला तर वाईट दिसेल, हे ध्यानात ठेवून तंत्रज्ञांनी बदललेले लक्ष्य अहवालात नोंदवायला हवे. वास्तविक दोन वेगळ्या खोल्यांतले संच क्वचितच एकत्र पाहिले जातात, तेव्हा एवढा खटाटोप करावा की नाही, हे आपण ठरवावे. आम्ही तो केला नसता.

प्रश्न : एसडीआरचा अहवाल उत्तम आला, पण एचडीआरच्या पानावर डेल्टा ई ३.८, कमाल उजेड ६४० निट, बीटी.२०२० व्याप्ती ७१ टक्के आणि वर जाऊन वाकलेली रेषा असे सगळेच निराशाजनक दिसते. संच सदोष समजावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : समजू नये. एसडीआर म्हणजे नेहमीच्या उजेडाचे चित्र आणि एचडीआर म्हणजे उजेडाचा पल्ला बराच मोठा असलेले चित्र. एचडीआरच्या पानाला एसडीआरची फूटपट्टी लावली की अशी निराशा होते.

एसडीआरमध्ये पांढऱ्याची पातळी आपण ठरवतो आणि बाकीच्या छटा तिच्या प्रमाणात बसतात. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन पीक्यू नावाच्या ज्या उजेडाच्या वक्रावर उभे आहेत, त्यात प्रत्येक संकेताला ठरावीक निट नेमून दिलेले असतात. हा वक्र २०१४ मध्ये प्रमाणित झाला आणि त्याची मर्यादा १०,००० निटपर्यंत आहे. पन्नास टक्के संकेत म्हणजे सुमारे ९२ निट, अठ्ठावन्न टक्के म्हणजे सुमारे २०३ निट आणि पंचाहत्तर टक्के म्हणजे जवळपास हजार निट. आपला संच ६४० निटांवर थकतो, म्हणजे साधारण सत्तर टक्क्यांच्या पायरीला त्याचे छत येते. त्यापुढच्या संकेतांत सूर्य, दिवे, पाण्यावरची चमक असे ऐवज असतात. ते सगळे छताला आपटून सपाट होऊ नयेत म्हणून संच साठ-पासष्ट टक्क्यांपासूनच रेषा हळूहळू वाकवतो. ही वाकलेली रेषा मुद्दाम केलेली तडजोड आहे, आणि लक्ष्यापासून ती दूर गेल्यामुळे तिथला डेल्टा ई वाढतो. आपण शून्य ते पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या टप्प्यात रेषा लक्ष्याला धरून आहे का, एवढे पाहावे. चित्राचा मोठा भाग तिथेच असतो. तिथेही रेषा लक्ष्याच्या वर गेलेली असेल, तर दृश्यागणिक उजेड आपोआप बदलणारी ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’सारखी एखादी सोय मोजताना चालू राहिली असण्याची शक्यता आहे.

बीटी.२०२० च्या ७१ टक्क्यांचे तर वाईट वाटूच देऊ नये. तो रंगांचा एक अतिविशाल परीघ आहे. चित्रपट प्रत्यक्षात बहुतेक पी३ या लहान परिघात रंगवले जातात आणि पी३ चे क्षेत्रफळच बीटी.२०२० च्या सुमारे ७२ टक्के भरते. आपल्या अहवालात पी३ व्याप्तीचा वेगळा आकडा असेल. तो नव्वदच्या पुढे असला की झाले.

६४० निट हे किती मोठ्या चौकटीवर मोजले, तेही पाहावे. पडद्याच्या दहा टक्के भागावर मोजण्याची रीत आहे. ओएलईडीवर संपूर्ण पडदा पांढरा केला तर हाच आकडा बराच खाली येतो, आणि तो दोष नसून वीज व उष्णता आवरण्याची व्यवस्था आहे.

प्रश्न : माझ्या मित्राकडे अगदी माझ्याच मॉडेलचा संच असून त्याने तो जुळवून घेतला आहे. त्याचे आकडे मी माझ्या टीव्हीत भरले तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मोड कोणता निवडावा, शार्पनेस किती खाली आणावा, ‘मोशन’च्या नावाखालच्या कोणत्या सोयी बंद कराव्यात, एवढे जरूर उचलावे. व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे करड्या-पांढऱ्या छटा जुळवण्याचे, दोन किंवा वीस बिंदूंचे आकडे आणि रंगांची वैयक्तिक दुरुस्ती मात्र उचलू नये. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन पॅनेलांत फरक असतो, आणि मित्राच्या पॅनेलची चूक काढण्यासाठी दिलेले आकडे आपल्या पॅनेलवर नवी चूक निर्माण करतात.

प्रश्न : हा अहवाल किती काळ खरा राहतो? आणि आमच्याकडे सेट-टॉप बॉक्सवरचे चित्र अहवालाशी जुळत नाही, ॲपमधले मात्र छान दिसते, असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पडदा वयानुसार हळूहळू बदलतो, ओएलईडी आणि एलसीडी दोन्ही, पण त्याची घाई नसते, दोनेक वर्षांनी पुन्हा मोजून घेतले तर पुरे. त्याआधी अहवाल निरुपयोगी करतात त्या इतर गोष्टी : सॉफ्टवेअर अपडेटनंतर मूळ स्थितीला गेलेला मोड, आपोआप पुन्हा चालू झालेली वीजबचत, खोलीतल्या उजेडानुसार पडदा मंद करणारा सेन्सर. तंत्रज्ञ निघण्यापूर्वी सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे आकडे पुसले गेले तरी हाताने परत भरता येतात.

सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत प्रथम हे पाहावे की, जुळवणी नेमकी कोणत्या इनपुटवर केली आहे. अनेक संचांत प्रत्येक एचडीएमआय इनपुटचा मोड वेगळा लक्षात ठेवला जातो, आणि तंत्रज्ञांनी आपला पॅटर्न जनरेटर, म्हणजे चाचणीच्या चौकटी दाखवणारे यंत्र, एचडीएमआय १ ला जोडून काम केले असेल, तर एचडीएमआय २ वरचा सेट-टॉप बॉक्स अजूनही ‘स्टँडर्ड’वरच असू शकतो. ‘सर्व इनपुटांना लागू करा’ असा पर्याय मेन्यूत असतो, तो वापरावा. मोड तोच असूनही काळे भाग राखाडी किंवा उलट कोळशासारखे गिळलेले दिसत असतील, तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यात पातळ्यांचा बेबनाव आहे, असे समजावे. संकेताच्या ० ते २५५ या पट्टीवर टीव्ही प्रक्षेपणात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरला जातो. बॉक्स ० ते २५५ अशा पूर्ण पल्ल्यात संकेत पाठवत असेल आणि टीव्ही तो १६ ते २३५ समजत असेल, तर गडद भागातले तपशील नाहीसे होतात. उलट घडले तर सगळे चित्र धुवट होते. बॉक्सच्या मेन्यूत याचा पर्याय नसेल, तर टीव्हीवर त्या इनपुटपुरते ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ हे नियंत्रण ‘लो’ किंवा ‘नॉर्मल’ करून, काळ्या केसांच्या किंवा गडद कोटाच्या दृश्यावर दोहोंतला फरक पाहून योग्य तो ठेवावा.